हॉस्पिटलमधली डाएटेटिक्स इंटर्नशिप: अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

पेशंटच्या कागदावर 1,800 कॅलरी लिहिलेल्या असतात आणि ट्रॉली परत येते तेव्हा ताटात दोन पोळ्या, अर्धी वाटी वरण आणि सगळी भाजी तशीच पडलेली असते. त्या पेशंटला त्या दिवशी 1,800 कॅलरी मिळालेल्या नाहीत. हे हिशेबात धरायची सवय वर्गात बसून लागत नाही. ती लावून घेण्यासाठीच इंटर्नशिप असते, म्हणून हॉस्पिटल निवडताना, अर्ज करताना आणि तिथे रोज काम करताना हीच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा.

आधी ठरवा: इंटर्नशिप कशासाठी हवी आहे

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे. एक म्हणजे अभ्यासक्रमातली, काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत चालणारी इंटर्नशिप. ती कॉलेजच्या गुणपत्रिकेसाठी असते. दुसरी म्हणजे इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या नोंदणी मंडळाची ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ परीक्षा देण्यासाठी लागणारी, हॉस्पिटलमधली सहा महिन्यांची पूर्णवेळ इंटर्नशिप. पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. कॉलेजातले दोन महिने, मग दुसरीकडचे चार महिने असे तुकडे जोडून चालतील हेही गृहीत धरू नका. अर्ज करण्याआधी मंडळाची चालू वर्षाची पात्रता सूचना वाचा आणि तीन गोष्टींखाली रेघ मारा: तुमच्या पदवीचा विषय त्यात नावानिशी आहे का, इंटर्नशिप किती महिन्यांची हवी, आणि ती कोणाच्या देखरेखीखाली, कशा हॉस्पिटलात झालेली हवी. शंका असेल तर ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. सहा महिने घालवल्यावर फोनवरचं ‘चालेल’ कामाला येत नाही.

2021 च्या राष्ट्रीय सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट या दोघांचाही समावेश आहे. कुठे, कोणाच्या हाताखाली शिकलात याचा लेखी पुरावा पुढे अधिकाधिक मागितला जाणार, हे त्यामुळे उघड आहे. कागद सुरुवातीपासून नीट ठेवा.

अमेरिकेत जायचा विचार असेल तर तिथली ‘डाएटेटिक इंटर्नशिप’ ही वेगळीच व्यवस्था आहे. तिथे मान्यताप्राप्त कार्यक्रमातूनच किमान 1,000 तासांचं देखरेखीखालचं काम करावं लागतं आणि 1 जानेवारी 2024 पासून परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवीही लागते. भारतातल्या हॉस्पिटलातले सहा महिने त्या तासांत आपोआप धरले जातील या भरवशावर राहू नका. आधी पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, मग तिथल्या कार्यक्रमाकडून कोणते विषय पुरे करायचे ते कळतं. यापुढचा सगळा मजकूर इथल्या इंटर्नशिपबद्दल आहे.

हॉस्पिटल निवडताना

नाव मोठं आहे म्हणून अर्ज करू नका. फोन करून पाच प्रश्न विचारा. विभागात नोंदणीकृत आहारतज्ज्ञ किती? किचन हॉस्पिटलचं आहे की कंत्राटदाराचं? आयसीयू, डायलिसिस, बालरोग, कॅन्सर यांपैकी कुठे इंटर्नना जाऊ देतात? एका वेळी किती इंटर्न घेता? आणि वॉर्डची पाळी कशी बदलते?

दहा-बारा इंटर्न एकत्र घेणाऱ्या ठिकाणी सहा महिने डाएट शीट भरण्यात आणि ट्रॉलीमागे चालण्यात निघून जातात. तीन-चार इंटर्न असतील तर राउंडला तुमच्या केसबद्दल तुम्हालाच विचारलं जातं, म्हणून हा आकडा जरूर विचारा.

खाजगी मोठ्या हॉस्पिटलात एनएबीएच (हॉस्पिटलांच्या गुणवत्तेला मान्यता देणारं मंडळ) मानकांमुळे कागदपत्रांची शिस्त पक्की होते, ट्रान्सप्लांट आणि आयसीयूच्या केसेस दिसतात. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात टीबी, भाजलेले रुग्ण, गंभीर कुपोषण, उशिरा आलेला मधुमेह असं पाठ्यपुस्तकातलं सगळं एकाच मजल्यावर दिसतं, आणि ज्याला आपण ‘रोज एक फळ’ सांगतो त्याला ते परवडतं का, हा प्रश्न टाळता येत नाही. सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे मिळाले तर जरूर घ्या. अतितीव्र कुपोषित मुलाला आधी एफ-75 आणि स्थिरावल्यावर एफ-100 हे उपचारासाठी बनवलेलं दूध देतात. 100 मिलीमागे 75 आणि 100 कॅलरी, म्हणून ही नावं. सुरुवातीला कमी का द्यायचं, हे तिथे एकदा पाहिलं की मोठ्यांच्या आयसीयूतही विसरत नाही.

अर्ज

परीक्षा एप्रिल-मेमध्ये संपतात, त्यामुळे जून-जुलैच्या जागांवर सगळ्यांच्या एकदम उड्या पडतात. तीन-चार महिने आधी, म्हणजे फेब्रुवारीत हालचाल सुरू करा. एकाच ठिकाणी भरवसा ठेवू नका, पाच-सहा ठिकाणी अर्ज पाठवा.

ईमेलच्या विषयातच सगळं यावं: इंटर्नशिपसाठी अर्ज, किती महिने, कोणत्या तारखेपासून, तुमचं नाव. मजकूर आठ-दहा ओळींचा पुरे. काय शिकताय, कुठे शिकताय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पूर्णवेळ येऊ शकता, कोणत्या वॉर्डात काम करायची इच्छा आहे आणि का. ‘मला लहानपणापासून आहाराची आवड आहे’ ही ओळ शंभर अर्जांत असते. त्याऐवजी प्रबंधाचा विषय एका ओळीत लिहा, किंवा क्लिनिकलच्या पेपरात केलेल्या एखाद्या केसचं नाव. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा, दुपारी तीननंतर. सकाळी आठ ते एक विभागात कोणालाही फोन घ्यायला उसंत नसते.

सोबत लागणारे कागद: कॉलेजचं शिफारसपत्र (लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, तारखा घालून), सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, एका पानाचा बायोडेटा, ओळखपत्र, फोटो, शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला आणि लसीकरणाची नोंद. शेवटच्या दोन गोष्टींवर अनेकांचं अडतं. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांवर असतात. रुजू व्हायच्या आठवड्यात पहिला डोस घेतला तर तिसरा होईपर्यंत इंटर्नशिप संपते. पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरुवात करा. किचनमध्ये काम असल्यामुळे टायफॉइडची लसही मागतात, कारण अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि लसीकरण अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे.

पैशांचं आधीच स्पष्ट विचारून घ्या, त्यात संकोच नको. काही ठिकाणी इंटर्नकडूनच शुल्क घेतात, काही ठिकाणी काहीच देणं-घेणं नसतं, थोड्या ठिकाणी विद्यावेतन मिळतं. शुल्क भरत असाल तर पावती घ्या, आणि मध्येच सोडावं लागलं तर काय, हेही विचारा.

मुलाखत बहुधा पंधरा मिनिटांची असते. उंची-वजन देऊन बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) तोंडी काढायला सांगतात. भारतीयांसाठी 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून स्थूलता धरतात, हे आकडे चुकले की पुढचं अवघड होतं. क्लिअर लिक्विड (पारदर्शक पातळ पदार्थ) आणि फुल लिक्विड (दुधासारखे सगळे पातळ पदार्थ) या आहारांतला फरक, पोटॅशियम जास्त असलेले पदार्थ, इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटची साखर खाली गेली तर काय द्यायचं (15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी) हे हमखास विचारतात. येत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा. आयसीयूत अंदाजाने बोलणारा माणूस कोणालाच नको असतो, आणि मुलाखत घेणारे नेमकं तेच चाचपत असतात.

पहिले तीन-चार आठवडे: किचन

किचनची पाळी मिळाली की बरेच जण हिरमुसतात, वॉर्ड कधी मिळणार म्हणून विचारत राहतात. तसं करू नका. इथे जे मोजायला शिकाल त्यावर पुढचा प्रत्येक डाएट प्लॅन उभा राहतो.

स्वतःचा वजनकाटा घ्या, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पहिल्या आठवड्यात तिथली वाटी किती मिलीची आहे, पळीत किती वरण येतं, एका फुलक्याला किती पीठ लागतं, हे प्रत्येकी तीनदा मोजून वहीत लिहा. फुलका साधारण 20 ते 25 ग्रॅम पिठाचा, घडीची पोळी 30 ते 35 ग्रॅमची आणि वर तेल, घरची ज्वारीची भाकरी 60 ते 80 ग्रॅमची. ‘एक भाकरी म्हणजे एक पोळी’ असं धरलं की मधुमेहाच्या पेशंटचा सगळा हिशेब दुपटीने चुकतो. हिशेबासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची वाटणी पाठ करा: 30 ग्रॅम कच्चं धान्य म्हणजे 100 कॅलरी आणि 3 ग्रॅम प्रथिनं, 30 ग्रॅम डाळ म्हणजे 100 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं, 100 मिली दूध म्हणजे 70 कॅलरी आणि 3 ग्रॅम प्रथिनं, 5 ग्रॅम तेल म्हणजे 45 कॅलरी. राउंडला एवढ्यावर भागतं. बारकाईने हवं असेल तेव्हा 2017 ची भारतीय अन्नघटक कोष्टकं उघडा, त्यात 528 पदार्थ आहेत.

तापमानाची नोंद हा दुसरा धडा. गरम अन्न 60 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली. किचनमधून 75 अंशांना निघालेलं वरण सातव्या मजल्यावरच्या शेवटच्या खाटेपर्यंत किती उरतं, ते थर्मामीटर घेऊन ट्रॉलीबरोबर जाऊन बघा. ‘जेवण थंड असतं’ ही तक्रार आणि परत येणारी भरली ताटं बऱ्याचदा लिफ्टची वाट बघण्यात तयार होतात, स्वयंपाक्याचा त्यात दोष नसतो.

किचनमधल्या मावशींशी आणि ट्रॉलीच्या दादांशी नीट वागा. कोणत्या खाटेवरचं ताट तीन दिवस तसंच परत येतंय, हे त्यांना केस पेपर न बघता माहीत असतं.

वॉर्ड

नवा पेशंट आला की 24 तासांत पोषणाची चाळणी, म्हणजे स्क्रीनिंग, व्हायला हवी. कुपोषणाचा धोका ठरवणारी कोणतीही प्रश्नावली वापरा, मस्ट किंवा एनआरएस-2002, पण वजन स्वतः करा. केस पेपरवरचं वजन पुष्कळदा नातेवाइकांना विचारून लिहिलेलं असतं. पेशंट उठू शकत नसेल तर दंडाचा घेर मोजा. 23.5 सेंटीमीटरच्या खाली असेल तर बीएमआय 20 च्या खाली असण्याची शक्यता धरतात. पोटात पाणी झालेल्या पेशंटचं वजन तसंच धरून प्रथिनं काढणं ही इंटर्नची ठरलेली चूक आहे. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी दिसलं की लगेच ‘कुपोषण’ लिहिणं ही दुसरी. अल्ब्युमिन संसर्गात आणि सुजेतही घसरतं. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन उतरलंय का, हे विचारणं त्याहून जास्त उपयोगी पडतं.

24 तासांचा आहार विचारताना ‘काल काय खाल्लं?’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘नेहमीचंच हो, पोळी-भाजी, वरण-भात.’ त्यावर थांबू नका. उठल्यापासून तासातासाने पुढे जा. चहा किती वेळा, साखर किती चमचे? चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी, आणि हे कोणीच आपणहून सांगत नाही. उपवास कोणते? आठवड्याला दोन उपवास धरणाऱ्या आजींच्या साबुदाणा-शेंगदाण्याची गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही. तेल विचारायचं असेल तर ‘कमी वापरतो’ हे उत्तर घेऊ नका, डबा विचारा. चौघांच्या घरात महिन्याला 5 लिटरचा डबा संपत असेल तर साधारण साडेचार किलो तेल भागिले 120, म्हणजे माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला 20 ते 25 ग्रॅम पुरतं. हा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडला की ती बाई स्वतःच म्हणते, ‘अगंबाई, एवढं?’

सल्ला देताना आपल्या माणसांचा शब्द ‘डाएट’ नसतो, ‘पथ्य’ असतो. पथ्य म्हणजे काय काय बंद, अशीच समजूत असते. म्हणून सुरुवात काय खायचं इथून करा. ‘काका, भात बंद नाही, एक वाटी घ्या, पण आधी कोशिंबीर आणि वरण’ हे वाक्य घरी टिकतं.

नळीवाटे आहाराचं एक उदाहरण सविस्तर बघू. 50 किलोच्या बाई, आयसीयूत, राईल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी). किलोमागे 25 कॅलरी धरून 1,250 कॅलरी आणि 1.2 ग्रॅम धरून 60 ग्रॅम प्रथिनं. फीड 1 मिलीला 1 कॅलरीचं, म्हणजे दिवसाला सुमारे 1,250 मिली, दर वेळी 200 मिलीप्रमाणे सहा-सात फीड. इथे इंटर्न थांबतो. प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर 30 मिली पाण्याने नळी धुतात. सहा फीडना ते 360 मिली होतं. द्रवावर बंधन असेल तर हे धरायलाच हवं. मग संध्याकाळी नर्सिंग चार्ट उघडा. सकाळचं फीड सीटी स्कॅनसाठी थांबवलं, दुपारचं उलटी झाली म्हणून, म्हणजे मिळाले चारच फीड, 800 मिली. तुमच्या नोंदीत 1,250 ऐवजी 800 लिहिलं गेलं पाहिजे, आणि उरलेलं उद्या कसं भरून काढायचं हे डॉक्टरांना विचारायला हवं. फीड देताना डोकं 30 ते 45 अंश वर आहे ना, हेही खाटेशी जाऊन बघा. किचनमध्ये तयार केलेलं फीड खोलीच्या तापमानात चार तासांपेक्षा जास्त टांगून ठेवू नये. नळी बंद पडते ती बहुतेक वेळा नीट न गाळलेल्या फीडमुळे किंवा त्यात कुटून घातलेल्या गोळ्यांमुळे.

त्याच बाई दहा-बारा दिवस जवळपास उपाशी असतील तर पहिल्या दिवशी 1,250 देणं धोक्याचं आहे. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम एकदम खाली जातात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. जास्त धोका असलेल्यांना किलोमागे 10 कॅलरींपासून सुरुवात करतात, आधी थायमिन (बी1 जीवनसत्त्व) देतात आणि रोज रक्त बघून वाढवतात. म्हणूनच फीड लिहिण्याआधी ‘शेवटचं पोटभर कधी जेवलात?’ हा प्रश्न विचारायचा.

डायलिसिस युनिटमध्ये उलटा घोळ असतो. डायलिसिस सुरू होण्याआधी पेशंटला प्रथिनं कमी सांगितलेली असतात, आणि तो तेच पाळत राहतो. आता मात्र किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम हवीत. 60 किलोच्या शाकाहारी माणसाला 72 ग्रॅम. 210 ग्रॅम धान्यातून 21, 60 ग्रॅम डाळीतून 12, 300 मिली दूध-दह्यातून 9, 50 ग्रॅम पनीरमधून 9, बेरीज 51. उरलेल्या 21 साठी अंड्याचा पांढरा भाग चालतो का विचारा (एकातून साडेतीन ग्रॅमच्या आसपास), नाहीतर सप्लिमेंट. हा हिशेब पेशंटसमोर बसून करा, कारण डाळ वाढवली की पोटॅशियम आणि फॉस्फरसही वाढतं, आणि कशात तडजोड करायची ते त्याच्या जेवणावर ठरतं. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला सांगा. भेटायला येणारे पाहुणे शहाळं घेऊन येतात, ते आधी थांबवा: 300 मिली शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम 600 मिलिग्रॅमच्या पुढेच असतं. ‘लो सोडियम’ मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. आणि कोकण-गोव्याकडचा पेशंट असेल तर कमरख (स्टारफ्रूट) खातो का, हे नाव घेऊन विचारा. मूत्रपिंड निकामी असताना त्यातलं विषारी द्रव्य मेंदूपर्यंत पोचतं आणि न थांबणारी उचकी, झटके येऊ शकतात.

नोंदी आणि प्रमाणपत्र

नोंद चार ओळींची असावी, पण तिच्यात कारण दिसावं. ‘आहार कमी’ एवढंच लिहू नका. ‘तोंडातल्या जखमांमुळे आहार अपुरा, तीन दिवसांत ठरवलेल्याच्या निम्म्याहून कमी कॅलरी, महिन्यात वजन 58 वरून 54’ असं लिहिलं की पुढे काय करायचं ते त्यातूनच सुचतं: मऊ, न तिखट, गार आणि थोडं थोडं. केस पेपरचे फोटो मोबाइलमध्ये काढू नका. अभ्यासासाठी केस लिहायची तर नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता काढून वहीत लिहा.

लॉगबुकवर रोज सही घ्या. महिनाअखेरीस तीस सह्या एकदम मागणं देखरेख करणाऱ्यांना आवडत नाही, आणि मध्ये त्यांची बदली झाली तर त्या सह्या मिळतच नाहीत. रजा वेगळ्या लिहा. आठ-दहा दिवस रजा झाली असेल तर शेवटी तेवढे दिवस जास्त काम करून तारीख पुढे ढकलून घ्या.

शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्राचा मसुदा स्वतः टाइप करून द्या. लेटरहेड, पूर्ण नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच, ‘पूर्णवेळ’ हा शब्द, सुरुवात आणि शेवटची तारीख, केलेल्या वॉर्डांची यादी, हॉस्पिटलच्या खाटांची संख्या, देखरेख करणाऱ्या आहारतज्ज्ञांचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक. सहा महिने म्हणजे 1 जुलै ते 31 डिसेंबर. 1 जुलै ते 28 डिसेंबर लिहिलं गेलं तर अर्ज परत येऊ शकतो. दोन मूळ प्रती घ्या, एक परीक्षेच्या अर्जाला आणि एक घरी. नाव किंवा तारीख चुकली असेल तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर दुरुस्त करून घ्या.